चौकशीला आलेली बाई

साल दोन हजार तेवीस. पांढुर्ण्याचा जिल्हा झाला ते हे साल. छिंदवाड्याच्या पोटातून पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके वेगळे निघाले, आणि तेव्हापासून गल्लीत कुणी अनोळखी माणूस शिरला की लोक त्याला पाणी विचारायचं सोडून खातं विचारू लागले. मोजणीचा का? विजेचा का? रस्त्यासाठी जमीन पाहायला आला का? दिवाळी झाली, मतदान आटोपलं, संत्र्याचे ट्रक नागपूरच्या दिशेने जाऊ लागले, तरी हा संशय काही खाली बसेना.

नदीकडच्या गल्लीतल्या अंबाबाईला मात्र सरकारी माणसांची भीती नव्हती. तिला भीती होती ती चौकशीवाल्यांची.

आपल्याकडे मुलगा पाहण्याआधी मुलीकडचे लोक गुपचूप एखादं माणूस पाठवतात. ते माणूस आपण कोण हे सांगत नाही आणि मुलाचं नावही काढत नाही. उन्हाचं निमित्त करून ओसरीवर टेकतं, शेजारीपाजारी इकडचं तिकडचं बोलतं आणि निघून जातं. त्यावर सोयरीक जुळते किंवा मोडते. पूर्वी हे काम बांगड्या भरणारा कासार करायचा. बायकांचे हात हातात घेऊन बसलेला माणूस तो, कोणत्या घरात सून हसते आणि कोणत्या घरात नुसती मान हलवते हे त्याला न विचारता कळायचं. कासाराचं फिरणं थांबलं, चौकशी मात्र थांबली नाही.

अंबाबाईचा एकुलता एक मुलगा गजेंद्र तेहेतीस वर्षांचा झाला होता. नदीपल्याड सावरगावच्या शिवारात संत्र्याचा बगीचा होता, पक्कं घर होतं, पोराला पानाचंसुद्धा व्यसन नव्हतं. तरी तीन ठिकाणी जुळत आलेलं मोडलं होतं. दर वेळी मध्यस्थ श्रीधर टोपी काढून डोकं खाजवत यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "बाकी सारं ठीक हाय, पण चौकशी बरोबर नाही आली."

चौकशी बरोबर येत नाही म्हणजे कुणीतरी वाईट सांगतं. आणि कोण सांगतं, याबद्दल अंबाबाईच्या मनात शंकाच नव्हती. शेजारची शांताबाई.

खरं तर दोघी एकाच साली लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीत मागच्या अंगणाकडे एक कोनाडा होता, त्यात अंबाबाईच्या सासऱ्यांचा रेडिओ ठेवलेला असायचा. दुपारी नागपूर केंद्र लावलं की दोन्ही अंगणांत ऐकू जायचं. एकीकडे ही गहू निवडायची, पलीकडे ती लसूण सोलायची, आणि गाणं आवडलं की भिंतीवरून न बघताच दोघी एकदम "आवाज वाढव" म्हणायच्या. रेडिओ बंद पडला, सासरे गेले, कोनाड्यात चिमण्यांनी घरटं केलं. मग गजेंद्रचं पहिलं स्थळ मोडलं आणि अंबाबाईने शांताबाईशी बोलणं टाकलं. या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

चौथं स्थळ रामाकोन्याचं होतं. मुलगी अमिता, सौसरच्या एका शाळेत शिकवायची. फोटो पाहून गजेंद्र दोन दिवस जेवताना हसत होता. अंबाबाईने श्रीधरला खोदून विचारलं, "चौकशीले कोण येईन?"

"ते मले सांगतीन काय बाप्पा? सांगून आली तं चौकशी कायची?"

"बाई येईन का माणूस?"

"आता तं काहीबी येऊ शकते, काकू."

अंबाबाईने त्याच संध्याकाळी घरात बंदोबस्त केला. गजेंद्रने घरातही इस्त्रीचा शर्ट घालायचा. कुणी अनोळखी दिसलं की चहा ठेवायचा. आणि नवऱ्याने, म्हणजे कवडूभाऊंनी, सकाळी जेवून जे बाहेर जायचं ते दिवे लागल्याशिवाय घरी यायचं नाही.

"मी काहून?" कवडूभाऊंनी विचारलं.

"तुमाले कोणी नुसतं राम राम घातला तरी तुमी रडगाणं सुरू करता म्हून."

हे खोटं नव्हतं. कवडूभाऊंना आयुष्यात कधीच पीक चांगलं झालं नव्हतं. झाडं फळांनी वाकली तरी ते "काय सांगू, सारं गळून राहिलं" म्हणायचे. वाक्याच्या सुरुवातीला "तुमाले खोटं नाही सांगत" असायचंच, आणि ते आलं की ओळखीची माणसं पुढचं ऐकणं सोडून द्यायची. त्यांच्या मते आपल्याजवळ काय आहे हे सांगणारा शेतकरी आणि दार उघडं टाकून झोपणारा शेतकरी एकच. तेव्हा आधीच्या तिन्ही वेळांसारखीच अंबाबाईने त्यांची रवानगी जाम नदीच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. तिशीतली मुलगी, पाठीवर बॅग, गळ्यात मोठे हेडफोन आणि हातात दांड्यावर बसवलेलं केसाळ काहीतरी. लांबून अंबाबाईला वाटलं, मुलीने मांजराचं पिल्लू काठीवर बसवून आणलं आहे.

"नमस्कार काकू. मी उर्वशी, पुण्याहून आले. मी लोकांच्या आयुष्यावर ऐकायचे माहितीपट करते."

"ऐकाचे म्हणजे?"

"म्हणजे त्यात चित्र नसतं. फक्त आवाज. लोक बोलतात, आम्ही रेकॉर्ड करतो. रेडिओसारखं, पण मोबाईलवर ऐकायचं."

चित्र नाही, म्हणजे तोंड लपवायची सोय, अंबाबाईने मनात नोंद केली. तोंडाने ती म्हणाली, "या ना, आत या. बसा." एवढं शुद्ध ती फक्त सत्यनारायणाच्या भटजींशी बोलायची.

"जगभरातल्या वेगवेगळ्या गावांमध्ये जाऊन एकेका प्रश्नावर आम्ही हे करतो. तुर्कस्तानातल्या एका गावाचं झालं, ब्राझीलचं झालं. आता पांढुर्णा."

"इतकी मोठी दुनिया सोडून पांढुर्णा कसं काय निवडलं?"

"माझी आजी सौसरची होती."

सौसर! रामाकोना सौसर तालुक्यात. धागा जुळला. अंबाबाईने गजेंद्रकडे पाहिलं आणि पदराआडून कॉलरचं बटण लावायची खूण केली.

"आणि प्रश्न कोणता आहे म्हणता यंदाचा?"

"शेजार," उर्वशी म्हणाली. "शेजारी एकमेकांबद्दल काय बोलतात, काय बोलत नाहीत. तर काकू, तुमचे शेजारी कसे आहेत?"

अंबाबाईच्या मनात उरलासुरला संशय होता तोही खात्रीत बदलला. मुलाचं नाव नाही, शेतीची विचारणा नाही, थेट शेजारी. इतक्या वर्षांत इतकी सरळ चौकशीवाली तिने पाहिली नव्हती. आता शेजारणीबद्दल वाईट बोललं तर 'या घराचं कुणाशी पटत नाही' असं रामाकोन्याला जाणार. तिने घसा साफ केला.

"आमची शांताबाई ना? फार गुणी बाई. चाळीस वर्षांचा शेजार आहे. तुम्हाला सांगते, तिचा आवाजसुद्धा आम्हाला कधी ऐकू येत नाही."

दारात उभ्या गजेंद्रला खोकला आला.

"हा आमचा मुलगा," अंबाबाई घाईने म्हणाली. "शेजारची कामंही हाच करतो. नाही रे गजू?"

"हाव," गजेंद्र म्हणाला, आणि आईचा चेहरा पाहून, "म्हणजे, हो."

उर्वशीने हेडफोन कानांवर नीट बसवले. "आता एक मिनिट कुणी बोलू नका, हलू नका. मला तुमच्या घराची शांतता रेकॉर्ड करायची आहे."

"शांतता?"

"प्रत्येक घराची वेगळी असते काकू. नंतर जोडताना लागते."

कासार निदान बांगड्या तरी द्यायचा, ही बाई शांतता घेऊन चालली! हिला नक्की काय ऐकायचंय? आत कुणी आजारी कण्हतं का? छताला उंदीर आहेत का? अंबाबाईने श्वास धरला. गजेंद्र एका पायावर उभा राहिला, कारण दुसऱ्या पायाची चप्पल करकरायची. घड्याळ टिकटिकत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून एक दणदणीत शिंक आली आणि मागोमाग भांडं पडल्याचा आवाज. भिंतीला कान लावून उभी राहिलेली बाईच तशी शिंकू शकते.

"छान," उर्वशी हसून म्हणाली. "आता शेजारच्या घरी जाते."

उर्वशीला गजेंद्रच्या हातच्या चहावर अडकवून अंबाबाई मागच्या अंगणात धावली. उलटी बादली भिंतीशी ठेवून ती वर चढली.

"शांते! अवं शांते!"

"कोण मेलं?" पलीकडून आवाज आला.

"कोणी नाही मेलं. मी होय, अंबा."

"कोण अंबा?"

"आता नाटकं नोको करू. हे पाय, एक बाई तुह्याकडे येऊन राहिली. गजूची चौकशी हाय."

"मंग?"

"मंग काय? चांगलं सांग म्हणते मी!"

शांताबाई भिंतीखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चार साल मले पाहून तोंडावर पदर घेते तू. माह्या दारावरून गेली तं असं वाटते का दारात साप बसला हाय. अन् आता चांगलं सांगू?"

"सांबारवडी पाठवते तुले. कोथिंबिरीची, गरम."

"मले गॅस होते सांबारवडीनं."

"शांते, पोट्टं तुह्याच मांडीवर लहानाचं मोठं झालं नं!"

शांताबाईने कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मले काय बोलाचं ते मी बोलीन. तू बादलीवरून उतर, नाहीतं पडशीन अन् त्याचंबी नाव माह्यावर येईन."

उर्वशी पलीकडे गेली. रस्त्याचा आवाज नको म्हणून दार लावून घेतलं गेलं. अंबाबाईने स्टीलचा पेला भिंतीला लावला आणि पेल्याला कान. शब्द कळेनात. फक्त हसणं ऐकू येत होतं. पुन्हा पुन्हा हसणं. बाई शिव्या देत असती तरी अंबाबाईला एवढी धास्ती वाटली नसती.

थोड्या वेळाने उर्वशी बाहेर आली, गजेंद्रला तिने आपला नंबर दिला आणि "पुलाकडे जाते, तिथले आवाज हवेत" म्हणून केसाळ दांडा घेऊन निघून गेली.

संध्याकाळी कवडूभाऊ घरी आले ते वैतागलेले. "हे कलेक्टरी झाल्यापासून जीव नकोसा झाला. टपरीवर सुखानं बसू देत नाही. आज तं एकामागून एक येऊन राहिले."

"तुमचं ते कलेक्टरीचं राहू द्या," अंबाबाई म्हणाली. "इथं माह्या पोटात आग पडली हाय."

चार-पाच दिवस रामाकोन्याहून निरोप नाही. मग श्रीधर आला. टोपी काढली, डोकं खाजवलं. अंबाबाई खाटेवर बसली.

"म्हणजे यंदा अर्धी बरोबर हाय," श्रीधर म्हणाला.

"अर्धी?"

"एका तोंडून लय चांगलं आलं. एका तोंडून लय वाईट. तिकडचे सारे चक्रावले. म्हून अमिताचे मामा यशवंतराव सोता येऊन राहिले, रविवारी. सारं समोरासमोर पाहाले. हे शेवटचं समजा काकू. यानंतर मीबी कोणाच्या दारात जाऊ शकत नाही तुमच्यासाठी."

चांगलं तोंड कुणाचं ते अंबाबाईला ठाऊक नव्हतं, वाईट तोंड मात्र भिंतीपलीकडेच होतं. तिने गजेंद्रकरवी उर्वशीला फोन लावला.

"त्या शेजारणीनं आमच्याबद्दल काय सांगितलं, ते मला आत्ता सांगा."

"असं फोनवर कशाला काकू? मी रविवारी येतेच आहे. कार्यक्रम बाहेर जाण्याआधी ज्यांचे ज्यांचे आवाज आहेत त्यांना आम्ही ऐकवतो. तुमच्याच अंगणात ऐकूया, सगळे मिळून."

अंबाबाईने फोन गजेंद्रच्या हातात कोंबला. "पाहिलं गजू? मामाबी रविवारी, हेबी रविवारी. पुरावा घेऊन येऊन राहिले. साऱ्या गल्लीसमोर लावतीन."

"माय, ती खरंच रेडिओवाली हाय. मी मोबाईलवर पाहिलं. तिचे लय कार्यक्रम हायेत. एक तं मी पूर्ण ऐकला, कोळ्यांचा."

"ते तुले दाखवाले ठेवले असतीन."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अंगणात सतरंजी पडली. यशवंतराव मोटारसायकलवरून आले, आणि त्यांच्या मागून साक्षात अमिता उतरली. मुलगी साक्षगंधाआधी, साखरपुडासुद्धा झालेला नसताना, मुलाच्या घरी आल्याचं अंबाबाईच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं.

"मीच म्हटलं मामाले," अमिता सरळ म्हणाली. "रोज इथं मले राहाचं हाय, तं घर मी नको पाहू?"

गजेंद्रने दोन्ही हातांत चहाचे कप धरले होते, ते कुणाला द्यायचे हेच तो विसरला.

कवडूभाऊ ओसरीवरच होते. आज रविवार, टपरी बंद. यशवंतरावांना फाटकातून आत येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते चटकन उठून स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड उभे राहिले. पाहुण्यांच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उर्वशीने छोटा स्पीकर मधोमध ठेवला. शांताबाई आली आणि भिंतीला टेकून बसली, जुन्या कोनाड्याच्या खाली. अंबाबाईने शेवटचा उपाय म्हणून गजेंद्रच्या कानात सांगितलं, "जाऊन मेन बटन पाड."

गजेंद्रने पाडलं. पंखा थांबला. स्पीकर चालूच राहिला.

"बॅटरीवर आहे काकू," उर्वशी प्रेमाने म्हणाली.

आधी कुठल्याशा परदेशी गावातल्या दोन म्हाताऱ्या बोलल्या. भाषा कुणालाच कळली नाही, पण एकमेकींची उणीदुणी काढताहेत एवढं सगळ्यांना कळलं आणि बायका मन लावून ऐकू लागल्या. मग पांढुर्णा आलं. पुलावरून जाणाऱ्या गाड्या, धुणं आपटल्याचा आवाज, आणि मग अंबाबाईचा शुद्ध स्वर: "तिचा आवाजसुद्धा आम्हाला कधी ऐकू येत नाही."

शांताबाईने अंबाबाईकडे पाहिलं. अंबाबाईने सतरंजीचा धागा ओढायला घेतला.

मग घराची शांतता, घड्याळ, शिंक, भांडं. आणि मग शांताबाईचा आवाज. अंबाबाईने डोळे मिटले.

"अंबा? गाय हाय गाय. चार सालात एक वाकडा शब्द नाही बोलली माह्याशी. अन् गजू? माह्या मालकाले दवाखान्यात न्याचं होतं, सारी गल्ली पाहत होती, ह्यानं संत्र्याची गाडी रिकामी केली अन् घेऊन गेला. मायले न विचारता. ज्या पोरीले हा भेटन तिनं देवाले नारळ फोडावं. हे मी तुमाले आताच नाही सांगत. याच्याआधीबी तीन जण आले पाणी पिऊन गेले, त्यांलेबी हेच सांगतलं."

अंबाबाईने डोळे उघडले, पण कुणाकडे पाहावं ते तिला कळेना. मग शांताबाई नाही, तर कोण?

स्पीकरमधून चहाच्या ग्लासांचा आवाज आला. पूल. टपरी. उर्वशी कुणाला तरी विचारत होती, "बाबा, नदीकडच्या गल्लीतलं कवडूभाऊंचं घर तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय नं. चांगलं माहीत हाय."

"कसं आहे?"

"तुमाले खोटं नाही सांगत बाई, त्या घरात काही राहिलं नाही. बगीचा सारा सुकला. विहिरीत बेंडूकबी राहत नाही. घर वरून पक्कं दिसते, आतून पोकळ हाय. जमिनीवर भाऊबंदाची केस हाय."

"आणि माणसं?"

"बाई लय संशयी हाय. अन् तो कवडू तं एक नंबरचा... जाऊ द्या. तिकडं जाऊच नोका. काही भेटत नाही तिथं."

यशवंतराव ताडकन उभे राहिले. "हाच! हाच तो म्हातारा! शेजारच्या या बाईनं मले चांगलं सांगतलं, अन् टपरीवर विचारलं तं यानं मलेबी हेच सांगतलं. शब्दाले शब्द. बेंडकासकट!"

श्रीधरने टोपी काढली, पण डोकं खाजवायचं विसरला. "अन् मागचे तिघंबी म्हणत होते, टपरीवर एक जाणता माणूस भेटला म्हून..."

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत एक खोकला उठला आणि मध्येच दाबला गेला.

"बाहेर या," अंबाबाई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. त्या घराची अशी शांतता उर्वशीने रेकॉर्ड केलेली नव्हती.

कवडूभाऊ दुपट्टा सावरत दारात आले. "मोजणीवाले गेले का?"

"मोजणीवाले? ते अमिताचे मामा होय!"

"मले काय माहीत! पोराचं कोणी विचारलंच नाही. बगीचा केवढा, पाणी किती, केस-बिस हाय का? असं पटवारीच विचारते नं? अन् हे बाई तं मशीन घेऊन आली होती. म्हटलं, नवा जिल्हा झाला, आता बोलणंबी मोजून राहिले."

"चार साल!" अंबाबाईने चार बोटं त्यांच्या नाकापुढे धरली. "मी तुमाले टपरीवर पाठवत होती, का घरी वाईट बोलाल म्हून!"

"मी घरी काही बोललो का मंग?" कवडूभाऊ म्हणाले.

यशवंतराव गंभीर झाले. त्यांनी मोटारसायकलची किल्ली हातात घेतली. "पाहा, गंमत गंमतीच्या ठिकाणी. पण जो बाप सोताच्या घराबद्दल असं बोलते, त्या घरात पोरगी द्याची म्हणजे..."

गजेंद्रच्या हातातला चहा केव्हाच थंड झाला होता. अंबाबाईला वाटलं, श्रीधरचं ते वाक्य आता मामांच्याच तोंडून येणार.

"मामा," अमिता म्हणाली, "मागच्या साली विम्यावाला आला होता, तवा तुमी पारावर बसून काय सांगतलं त्याले?"

"ते वेगळं होतं."

"'यशवंतराव? तो तं वारला,' म्हणाले होते तुमी. मामी घरात पुऱ्या तळत होती."

आधी शांताबाई हसली. तिच्या मागून उर्वशी. मग श्रीधर, आणि शेवटी यशवंतरावांच्या मिशांखाली काहीतरी हललं. ते पुन्हा सतरंजीवर बसले. कवडूभाऊंकडे एका वेगळ्याच आदराने पाहत त्यांनी विचारलं, "खरं सांगा, यंदा बगीचा कसा हाय?"

"तुमाले खोटं नाही सांगत..." कवडूभाऊंनी सुरुवात केली आणि त्यांची नजर बायकोच्या नजरेला भिडली. "चांगला हाय," ते म्हणाले. दाढ उपटावी तसा तो शब्द बाहेर आला.

"मामा, हे आपल्या घरासारखंच घर हाय," अमिता म्हणाली. "मले सवय हाय." आणि तिने गजेंद्रच्या हातातला एक थंड कप घेतला.

पाहुणे गेल्यावर अंबाबाई भिंतीशी गेली. शांताबाई अजून कोनाड्याखालीच बसली होती.

"शांते, तू तेव्हाही चांगलंच सांगतलं? तिन्ही वेळा?"

"तू काय सांगतलं ते ऐकलं नं मी. माहा आवाजच येत नाही म्हणे."

"ते मी चौकशीवाली समजून बोलली वं."

"मीबी चौकशीवाली समजूनच बोलली. नाहीतं तुले गाय कोण म्हणन!" शांताबाई उठली. "सांबारवडी उरली का?"

"तुले गॅस होते नं?"

"होऊ दे."

तो माहितीपट नंतर लोकांनी मोबाईलवर ऐकला. कवडूभाऊंचं बोलणं ठेवायचं का, असं उर्वशीने विचारलं तेव्हा अंबाबाई म्हणाली, "ठेवा. साऱ्या दुनियेले ऐकू द्या." दूरदूरच्या लोकांनी लिहून कळवलं की असा एक म्हातारा त्यांच्याही गल्लीत आहे.

गजेंद्र आणि अमिताचं साक्षगंध तुळशीच्या लग्नानंतर झालं, लग्न मार्गशीर्षात. अमिता सौसरच्या शाळेत जाते, आणि सासऱ्यांच्या समोर कुणी पाहुणा बसला की आधी स्वतः येऊन बसते. श्रीधर सांगतो की ही सोयरीक त्यानेच मोठ्या युक्तीने जुळवली, आणि हल्ली तो प्रत्येक स्थळाला आधी जवळची टपरी पाहायला पाठवतो. यशवंतराव महिन्यातून एकदा येतात. व्याही-व्याही पुलाजवळ बसून आपापलं कसं सगळं बुडालं ते एकमेकांना सांगतात आणि समाधानाने घरी जातात. उर्वशी गेल्या दिवाळीला आली होती, तिने अंबाबाईला एक छोटा रेडिओ दिला. चिमण्यांची पिल्लं उडून गेल्यावर तो कोनाड्यात ठेवला. आता दोन्ही अंगणांत तो ऐकू जातो, म्हणजे गेला असता, पण त्याच्या आवाजाहून दोघींच्या भांडणाचा आवाज मोठा असतो.

कवडूभाऊंना मात्र अंबाबाईने देवापुढे हात ठेवायला लावून शपथ दिली होती. कुणीही, कधीही, घराबद्दल किंवा शेताबद्दल विचारलं तर चांगलंच सांगायचं. पुढच्या फाल्गुनात गारपीट झाली. सावरगावच्या शिवारात फळं जमिनीवर पडली, पानांची चाळण झाली. भरपाईसाठी नुकसानीची पाहणी करायला तहसिलीतला एक माणूस पुलाजवळ उतरला. उन्हाचा दमला होता, टपरीवर चहा घेतला आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला त्याने सहज विचारलं, "बाबा, कवडूभाऊंच्या बगीच्याचं कितपत नुकसान झालं?"

कवडूभाऊंनी त्याला नीट न्याहाळून पाहिलं. स्वच्छ शर्ट, हातात पिशवी, सभ्य बोलणं. त्यांना वाटलं, शांताबाईची नात लग्नाला आली आहे, तिच्यासाठी कुणीतरी शेजारपाजार पाहायला आलेलं दिसतं. त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा छाती भरून बोलले.

"तुमाले खोटं नाही सांगत साहेब, असं पीक आमच्या बापजन्मी पाहिलं नाही."